बिस्किटाच्या डब्यापासून नोटेपर्यंत

तुम्ही मुखाला ओळखता. नाव माहीत नसेल, पण त्याचं चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. एक बाई असते. तिचे केस असे वळत वळत जातात की केस कुठे संपले आणि वेल कुठे सुरू झाली तेच कळत नाही. डोक्यामागे आपल्याकडे देवांच्या फोटोत असते तशी प्रभावळ, तिच्यात फुलं नाहीतर नक्षी. बाहेरची रेघ जाड आणि ठसठशीत, रंग मात्र फिके, थोडे ऊन खाल्ल्यासारखे. कुणाच्या फोनच्या कव्हरवर, कुणाच्या दंडावर टॅटू म्हणून, अॅनिमेच्या फॅन आर्टमध्ये, कॅफेच्या भिंतीवर हे चित्र सारखं भेटत राहतं. पिंटरेस्टवर शोधलंत तर स्क्रोल संपणार नाही.

हे सगळं ज्याच्या हातून सुरू झालं त्याचं नाव अल्फॉन्स मुखा. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण मुचा म्हणतो (मीही परवापर्यंत तेच म्हणत होते), पण चेक भाषेत त्याचा उच्चार मुखा असा आहे. आणि तो फ्रेंच नव्हता. पॅरिसने त्याला मोठं केलं म्हणून बहुतेकांना तो फ्रेंच वाटतो, आणि या गोष्टीचा त्याला आयुष्यभर त्रास झाला.

तो जन्मला २४ जुलै १८६० रोजी, मोराव्हियातल्या इव्हान्चित्से नावाच्या लहानशा गावात. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात आहे. तेव्हा असा देशच नव्हता. व्हिएन्नाच्या सम्राटाचं राज्य होतं, वरचा कारभार जर्मनमध्ये चालायचा आणि चेक ही घरात, बाजारात बोलायची भाषा. वडील कोर्टात साध्या नोकरीला. पोराचा गळा चांगला म्हणून त्याला ब्रनो शहरातल्या चर्चच्या गायकवृंदात जागा मिळाली आणि त्या जोरावर शाळा शिकता आली. पण गळ्यापेक्षा त्याचा हात चांगला होता. प्रागच्या कला अकादमीत त्याने अर्ज केला. नाकारला गेला. वर दुसरा एखादा धंदा बघण्याचा सल्लाही मिळाला. पोर्टफोलिओ रिजेक्ट झालेल्या सगळ्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवायला हरकत नाही.

मग १८७९ मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका कारखान्यात लागला. इथे तो दोन गोष्टी शिकला असावा असं मला वाटतं. एक, प्रचंड मोठ्या कापडावर काम कसं करायचं. दुसरी, लांब बसलेल्या माणसालाही दिसेल असं कसं रंगवायचं. दोन्ही पुढे उपयोगी पडल्या. डिसेंबर १८८१ मध्ये तिथल्या रिंग थिएटरला भयंकर आग लागली, शेकडो माणसं गेली. ते थिएटर या कारखान्याचं मोठं गिऱ्हाईक. काम घटलं, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यात नव्या पोराला आधी काढलं. असं सांगतात की मुखा स्टेशनवर गेला, खिशातल्या पैशांत जिथपर्यंत तिकीट मिळेल तिथपर्यंत गेला आणि मिकुलोव्ह नावाच्या गावात उतरला. तिथे लोकांची चित्रं काढून पोट भरत असताना काउंट खुएन या जमीनदाराने त्याला पाहिलं, वाड्याच्या भिंती रंगवायला दिल्या आणि पुढे म्युनिक, मग पॅरिसला शिकायला पैसे पुरवले.

काही वर्षांनी हे पैसे बंद झाले. मुखा तिशीला टेकलेला, पॅरिसमध्ये, पगार नाही, डिग्रीचा उपयोग नाही. मसूर आणि बीन्स उकडून खायचे आणि मासिकांसाठी, पुस्तकांसाठी चित्रं काढायची. आजच्या भाषेत फ्रीलान्स इलस्ट्रेटर. याच काळात काही दिवस चित्रकार पॉल गोगँ त्याच्या स्टुडिओत मुक्कामाला होता. तेव्हाचा एक फोटो आहे, मुखानेच काढलेला: गोगँ हार्मोनियम वाजवतोय आणि त्याच्या अंगात पँट नाही! कॅमेऱ्याचा हा नाद मुखाने नंतर कामाला लावला. मॉडेलला हवी तशी उभी करायची, फोटो काढायचा, मग त्यावरून चित्र. तुम्ही रेफरन्स फोटो घेऊन काम करता ना, तेच.

आणि मग १८९४ च्या नाताळातला तो किस्सा. यात थोडं मीठमसाला पडलेलं असेल, पण गोष्ट साधारण अशी सांगितली जाते. लेमर्सिए नावाच्या छापखान्यात मुखा एका मित्राच्या बदल्यात प्रुफं तपासत बसला होता. सुट्टीमुळे सगळे आर्टिस्ट गावाला गेलेले. इतक्यात सारा बर्नहार्टचा निरोप आला. सारा बर्नहार्ट म्हणजे त्या काळची जगातली सगळ्यात मोठी नटी. तिच्या गिस्मोंदा या नाटकासाठी नवं पोस्टर हवं होतं, आणि १ जानेवारीला ते पॅरिसच्या भिंतींवर लागलेलं हवं होतं. छापखान्यात हजर कोण? मुखा.

त्याने जे केलं ते तोवरच्या पोस्टरसारखं अजिबात नव्हतं. तेव्हाचं पॅरिसचं पोस्टर म्हणजे भडक लाल-पिवळे रंग, उड्या मारणाऱ्या हसऱ्या बायका, एकूण जत्रेचा माहोल. मुखाने दोन मीटरहून उंच आणि अगदी अरुंद कागदावर बर्नहार्टला जवळजवळ माणसाएवढी उभी केली. शांत. हातात खजुरीची झावळी, मागे मोझेकची कमान, त्यात तिचं नाव. रंग मातकट, सोनेरीकडे झुकणारे. नाचणाऱ्या गर्दीत एकच बाई गप्प उभी असली की नजर तिच्याकडेच जाते, तसं झालं. रात्री लोक ब्लेडने पोस्टर कापून घरी न्यायला लागले, भिंतीवर चिकटवणाऱ्यांना पैसे चारून मिळवायला लागले. बर्नहार्टने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. पोस्टर, नेपथ्य, कपडे, दागिने, सगळ्यात त्याचा हात.

इथून पुढची पाच-सहा वर्षं वेड्यासारखी आहेत. सिगारेटचे कागद, बिस्किटं, शॅम्पेन, बिअर, सायकली, मुलांचं अन्न. ब्रँड म्हणाल तो. लफेव्र-युतील या कंपनीच्या बिस्किटांच्या डब्यांवर त्याची चित्रं होती. शांपेन्वा नावाच्या छापखानेवाल्याने त्याला करारात बांधून घेतलं आणि एक हुशारीची गोष्ट केली. जाहिरातीचा मजकूर काढून टाकून नुसती चित्रंच छापून विकायला काढली. चार ऋतू, फुलं, दिवसाचे प्रहर. ही चित्रं दगडावरून छापायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यामुळे एकदा दगड तयार झाले की हव्या तेवढ्या प्रती निघायच्या. ज्या घरात ऑइल पेंटिंग घ्यायची कधीच ऐपत नव्हती त्या घराच्या भिंतीवर आता मुखा लागू शकत होता. तेच चित्र पुढे कॅलेंडरवर, मेन्यू कार्डवर, पोस्टकार्डवर.

थोडं थांबून हे बघा, कारण मला मुखाचं खरं मोल इथे दिसतं. गॅलरीत जायला बूट-कोट लागतात, रस्त्यावरून चालायला काही लागत नाही. मुखाला हे कळत होतं आणि आवडतही होतं. १९०२ मध्ये त्याने एक जाडजूड चित्रसंच काढला. त्यात ७२ पानं, आणि त्यांवर फुलं, काटे-चमचे, ताटल्या, दिवे, दागिने, खुर्च्या कशा रेखाटायच्या याचे नमुने. कारागिरांनी, विद्यार्थ्यांनी, कारखान्यांनी बघावे आणि वापरावे यासाठी. आज कुणी आपली सगळी डिझाईन फाइल उघडी करून टाकली तर आपण त्याला येडा म्हणू. त्याची शैली इतकी पसरली की लोक ती सरळ मुखा शैली म्हणून ओळखायला लागले, आणि तो स्वतः तिला कंटाळला.

कंटाळ्याचं कारण फक्त काम जास्त झालं एवढंच नव्हतं. १९०० साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याने त्याला बोस्निया-हर्झेगोव्हिनाचं दालन सजवायला दिलं. तो मोठा मान होता, पदकही मिळालं. पण जरा विचार करा. बोस्निया त्याच साम्राज्याने बळकावलेला. तिथले लोक स्लाव, म्हणजे भाषेने, वंशाने मुखाच्याच नात्यातले. ज्या मालकाच्या ताब्यात आपलं गाव आहे त्याच मालकाच्या खर्चाने, त्याने ताब्यात घेतलेल्या दुसऱ्या भावंडांची सुंदर चित्रं काढायची. तयारीसाठी तो बाल्कनमध्ये फिरला, लोक पाहिले, आणि तिथेच त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी शिरलं: स्लाव लोकांचा सगळा इतिहास भव्य चित्रांत रंगवायचा. बिस्किटं पुरे.

पैसे कोण देणार? १९०४ पासून तो अमेरिकेच्या वाऱ्या करू लागला. मधे १९०६ मध्ये प्रागला मारिया खितिलोव्हाशी लग्न झालं. ती त्याच्याकडे शिकायला आलेली, त्याच्याहून बरीच लहान. अमेरिकेत श्रीमंतांची पोर्ट्रेट काढून पैसे साठवायचे हा प्लॅन काही जमेना. शेवटी शिकागोचा एक उद्योगपती भेटला, चार्ल्स क्रेन. त्यालाही स्लाव देशांचं वेड. तो खर्च उचलायला तयार झाला आणि १९१० मध्ये, पन्नाशीचा मुखा, जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पोस्टरवाला, पॅरिस सोडून घरी परतला.

स्वागत कसं झालं असेल? हार-तुरे वगैरे डोक्यात आले असतील तर थांबा. प्रागमध्ये तेव्हा ओबेत्स्नी दूम ही भव्य नागरी वास्तू उभी राहत होती आणि तिच्या सजावटीत मुखाला काम मिळतंय म्हटल्यावर स्थानिक चित्रकार भडकले. इतकी वर्षं आम्ही इथे राबलो आणि हा बाहेरून येऊन मलई खाणार, अशा सुराची तक्रार. शेवटी त्याच्या वाट्याला महापौरांचं दालन आलं. ते त्याने छतापासून पडद्यापर्यंत सजवलं. पण तोवर प्रागच्या तरुण डिझाइनरांची गाडी दुसऱ्याच दिशेला निघाली होती. १९०८ मध्ये आर्तेल नावाची सहकारी संस्था निघाली होती, रोजच्या वापराच्या वस्तू चांगल्या घडवाव्यात म्हणून. काही तरुणांनी तर पिकासोचा क्युबिझम उचलून त्याच्या खुर्च्या, चहाच्या किटल्या, अख्ख्या इमारती बनवल्या. जगात इतरत्र क्युबिझम मुख्यतः चित्र-शिल्पांतच राहिला, प्रागमध्ये लोक त्यावर बसत होते! या पोरांना मुखाची वेलबुट्टी आजीच्या साडीसारखी वाटत होती.

मुखा झ्बिरोह गावातल्या किल्ल्यात मोठी जागा घेऊन बसला आणि रंगवत सुटला. एकूण २० कॅनव्हास, सगळ्यात मोठे साधारण ८ मीटर बाय ६ मीटर. म्हणजे दोन मजली घराची भिंत समजा. गावकऱ्यांना जुने कपडे घालून उभं करायचा, फोटो काढायचा, मग शिडीवर चढायचा. एका चित्रासाठी तर १९१३ मध्ये रशियाला जाऊन आला.

आणि १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, साम्राज्य कोसळलं. चेकोस्लोव्हाकिया जन्मला.

नवा देश म्हटला की आपण झेंडा आणि राष्ट्रगीत एवढंच डोळ्यांसमोर आणतो. पण सकाळी उठून पत्र टाकायचं तर तिकीट कुठलं? भाजी घ्यायची तर नोट कुठली? सम्राटाचा चेहरा असलेली? हे सगळं कुणीतरी बसून डिझाईन करावं लागतं, तेही घाईने. ते मुखाने केलं. पोस्टाची पहिली तिकिटं आणि सुरुवातीच्या नोटा त्याच्या हातच्या, आणि त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. १०० क्राऊनच्या नोटेवरची स्लाव्हिया देवी तुम्ही पाहिलीत तर एक गंमत सांगते: तो चेहरा शिकागोच्या क्रेनसाहेबांच्या मुलीचा आहे. तिचं पोर्ट्रेट त्याने आधी काढलेलं, तेच नोटेवर आलं. चेक लोकांची राष्ट्रदेवी अमेरिकन निघाली.

तिकिटाची गोष्ट याहून भारी. डिसेंबर १९१८ मध्ये आलेल्या या तिकिटावर प्रागचा हराद्चानी किल्ला, त्यातलं मोठं चर्च, आणि मागून उगवणारा सूर्य. नव्या देशाची पहाट, एकदम परफेक्ट. पण खगोलशास्त्र जाणणाऱ्यांनी हरकत घेतली. चित्र ज्या बाजूने काढलंय तिथून बघितलं तर किल्ल्यामागून सूर्य कधी उगवतच नाही! त्यामुळे या मालिकेतल्या काही तिकिटांत सूर्य आहे, काहींत तो गायब झालाय.

माझ्या मते हे इवलंसं तिकीट त्याच्या सगळ्या महाचित्रांना पुरून उरतं. मुखाला स्वतःला हे मुळीच पटलं नसतं. बाजारू कामांत गेलेली वर्षं वाया गेली असं त्याच्या मनात होतं आणि २० कॅनव्हास हीच आपली खरी कमाई असं तो धरून चालला होता. तुमच्यापैकी जे अप्लाइड आर्टला आहेत त्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. फाइन आर्टवाला आर्टिस्ट आणि आपण मात्र जाहिरातवाले. पण इवल्याशा जागेत, शेतकऱ्याच्या, शिक्षिकेच्या, दुकानदाराच्या खिशात जो देश पहिल्यांदा पोचला तो पोस्टरवाल्या मुखाच्या हातून पोचला. कमी जागेत, कमी रंगांत, लांबून ओळखू येईल असं काढायचं हे त्याला शॅम्पेन आणि सायकलींनीच तर शिकवलं होतं.

१९२८ मध्ये, देशाला दहा वर्षं होत असताना, त्याने सगळी मालिका प्राग शहराला भेट दिली. अट एकच, तिच्यासाठी वेगळी इमारत बांधायची. चित्रं दाखवली गेली ती वेलेत्र्झनी पॅलेसमध्ये. नाव पॅलेस असलं तरी ती नुकतीच बांधलेली व्यापारी प्रदर्शनाची इमारत. काँक्रीट, काच, सरळ रेषा, नक्षी शून्य. आत मुखाचे संत, योद्धे आणि धुकं. कल्पना करा. कारेल टायगेसारखे तरुण तेव्हा घरं, पुस्तकं, वस्तू सगळंच साधं, यंत्राने बनणारं, कामगारालाही परवडणारं हवं म्हणून भांडत होते. पुढच्या दोन-चार वर्षांत लादिस्लाव सुतनारने काचेचा तो प्रसिद्ध टी-सेट केला, ज्याच्यावर एक फूलसुद्धा नाही. त्यांच्या नजरेत मुखा म्हणजे गेल्या शतकातला म्हातारा, आणि चित्रं म्हणजे भाषणबाजी. ते अगदीच चूक होते असं मला म्हणवत नाही. ती चित्रं तांत्रिकदृष्ट्या थक्क करतात, पण सारखं काहीतरी शिकवत राहतात. तरी मला गंमत याची वाटते की चांगली वस्तू सगळ्यांना मिळावी यासाठी ही पोरं भांडत होती, आणि ज्याला ती म्हातारा म्हणत होती त्याने बिस्किटाच्या डब्यावर ते तीस वर्षं आधी करून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना एकमेकांत हे दिसलं नाही.

इमारत काही बांधली गेली नाही. मुखा काम करत राहिला. १९३१ मध्ये त्याने किल्ल्यातल्या त्याच चर्चसाठी, तिकिटावर काढलेल्या चर्चसाठी, रंगीत काचेची खिडकी केली. आज प्रागला जाणारा प्रत्येक टुरिस्ट तिच्यासमोर मान वर करून उभा असतो. तिचा खर्च एका विमा कंपनीने दिला होता आणि कंपनीचं नाव खिडकीत खाली लिहिलेलं आहे. जाहिरातीने काही त्याला सोडलं नाही.

१५ मार्च १९३९ रोजी नाझी सैन्य प्रागमध्ये शिरलं. मुखा ७८ वर्षांचा, तब्येत ढासळलेली. तरी गेस्टापोने चौकशीला उचललेल्या पहिल्या काही लोकांत तो होता. आता तुम्ही विचाराल, पोस्टर काढणाऱ्या म्हाताऱ्याची एवढी भीती कसली? तो देशभक्त म्हणून माहीत होता, फ्रीमेसन संघटनेत वरच्या पदावर होता आणि स्लाव लोकांचा इतिहास रंगवत होता. तेवढं पुरेसं होतं. त्याला सोडलं, पण न्यूमोनियाने तो पुन्हा उभा राहिला नाही. १४ जुलैला गेला, वाढदिवसाच्या दहा दिवस आधी. जमावाला बंदी असतानाही त्याच्या अंत्ययात्रेला लोक आले, खूप आले. त्याला व्हिशेह्राद टेकडीवर, देशाच्या मोठ्या माणसांच्या दफनभूमीत पुरलं.

कॅनव्हास गुंडाळून लपवले गेले म्हणून युद्धातून वाचले. त्यानंतर कम्युनिस्ट आले आणि त्यांनाही मुखा नको होता, त्यांच्या दृष्टीने तो श्रीमंतांचा सजावटवाला. १९६३ मध्ये चित्रं मोराव्स्की क्रुम्लोव्ह या लहान गावातल्या किल्ल्यात लागली, त्याच्या जन्मगावापासून जवळच. त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरलं आणि तिथून पुन्हा सगळं उसळलं. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन डिझाइनरांनी त्याची सिगारेट कागदाच्या जाहिरातीतली बाई उचलून थेट रॉक कॉन्सर्टच्या पोस्टरवर बसवली. पुढे जपानी मांगा काढणाऱ्यांनी ते केस आणि ती प्रभावळ घेतली. तुमच्या फोनच्या कव्हरपर्यंतचा रस्ता तो असा.

आणि ते किल्ल्याचं तिकीट? ते इतक्या प्रचंड संख्येने छापलं गेलं की त्यातली साधी तिकिटं आजही जुनी तिकिटं विकणाऱ्यांकडे अगदी थोडक्या पैशांत मिळतात. घेतलंत तर सूर्य असलेलंच मागा.